निराधार नसलेल्या आईसाठी अर्ज

द हेगमध्ये ट्रामच्या डेपोमागे विटांची एक लांबलचक इमारत आहे. बाहेरून कुणालाही गोदामच वाटेल. आत पहिल्या मजल्यावर मंजूषा रोज साडेसात तास उभी राहते आणि दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांच्या तक्रारींचे फोटो काढते.

काम सांगायला सोपं, करायला कंबरडं मोडणारं. खोक्यातून कागद काढायचा, काळ्या गादीवर पसरायचा, कडा वर येऊ नयेत म्हणून शिशाचे मणी भरलेली कापडी वळी त्यावर टाकायची आणि पायाखालचं बटण दाबायचं. वरचा कॅमेरा टक् करतो. कागद उलटायचा, पुन्हा टक्. दिवसाला पाचशे पानं. हातमोजे घालायचे नाहीत, नुसते हात धुवायचे. मोज्यातल्या बोटाला कागद किती जीर्ण झालाय ते कळत नाही. आणि मारैके नावाची जी वरिष्ठ आहे, तिचा एकच दंडक: वाचायचं नाही. वाचत बसलं की पाचशेची तीनशे होतात.

मंजूषा वाचते. पहिल्या दिवसापासून वाचते. मारैकेनं दोनदा टोकलं, तेव्हा तिनं पाचशे दहा पानं करून दाखवली आणि म्हणाली, "आता बोल." मारैके त्यानंतर बोलली नाही.

हे सगळे अर्ज. एकोणिसाव्या शतकात या देशातल्या लोकांनी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला पाठवलेले. दळणावर कर आहे, भाकरी परवडत नाही, तो उठवा. आमच्या पंथाला प्रार्थनेची जागा द्या. रविवारी भट्टी बंद ठेवू द्या, म्हणजे आम्हालाही देवळात जाता येईल, असं पाववाल्यांच्या नोकरांचं म्हणणं. देव आणि पोट, दोनच तक्रारी. मंजूषा म्हणते, "दोनशे वर्षांत तिसरी काही निघाली नाही." बहुतेकांच्या समासात कारकुनानं तेच एक वाक्य खरडलेलं असतं: सभासदांच्या अवलोकनार्थ कार्यालयात ठेवले. म्हणजे आपल्याकडचं दप्तरदाखल. हे वाक्य तिला पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती एकटीच मोठ्यानं हसली होती. कचेऱ्या इथून तिथून सारख्याच.

कचेरी तिला जन्मापासून ठाऊक. मिरजेच्या तहसीलसमोर कडुलिंबाखाली तिचे वडील टेबल टाकून बसायचे. टाइपरायटर, कार्बन, तिकिटांचा डबा. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांचं एक सूत्र होतं: अर्जदार जितका पामर, तितका साहेब दयाळू. त्यामुळे त्यांच्या यंत्रातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस निराधार, वयोवृद्ध, अशक्त आणि कुटुंबातला एकमेव कर्ता असायचा. एकदा त्यांनी एका धडधाकट पैलवानाला अशक्त लिहिलं, तर तो बिचारा कचेरीत खोकत खोकत गेला. अर्ज मंजूर झाला. मंजूषा तेव्हा नववीत, शेजारी बसून कार्बन लावायची. ती हे शिकली. चुकीचं शिकली, पण ते कळायला तिला एक्कावन्न वर्षांची व्हावं लागलं.

दोन हजार तीनमध्ये ती नवऱ्यामागे इथं आली. श्रीकांत पुण्याच्या कंपनीतून बदलीवर, ती त्याच्या व्हिसाची शेपटी. इंग्रजी तोडकंमोडकं, डच शून्य. घरात बसून ती कुढली नाही, चिडली. चिडूनच भाषा शिकली. सुपरमार्केटच्या पाकिटांवरून, वाचनालयातल्या लहान मुलांच्या पुस्तकांवरून, भाजीवाल्याशी घासाघीस करून. पुढे नव्यानं आलेल्या मराठी बायका तिच्याकडे येऊ लागल्या. कुणाचा घरमालक अनामत देत नाही, कुणाला डॉक्टर नुसती पॅरासिटामॉल घे म्हणून परत पाठवतो. मंजूषा त्यांच्याबरोबर जायची, नगरपालिकेच्या खिडकीला कोपर टेकायची आणि काम होईपर्यंत उठायची नाही. "मंजूषाताईला घेऊन जा, नाकावर राग आहे पण काम होतं," असं युट्रेख्टपर्यंत बोललं जायचं.

सगळ्यांची कामं झाली. तिचं एक राहिलं.

तिची आई मिरजेत. मंजूषा एकुलती एक. वडील जाऊन बारा वर्षं झाली. इथल्या कायद्यानं आईला पाहुणी म्हणून नव्वद दिवस येता येतं, मग जायचं, मग पुढचे नव्वद दिवस फिरकायचं नाही. कायमचं आणायचं तर जवळपास अशक्य. मंजूषा दर दोन वर्षांनी तीन आठवडे मिरजेला जाते. पहिला आठवडा सामान काढण्यात जातो, तिसरा भरण्यात. उरला मधला एक. त्या एका आठवड्यात दोन वर्षांचं बोलणं बसत नाही; दोघी मग शेंगा सोलत गप्प बसतात.

आणि एक जुनं ठसठसणं. मुलगी संहिता झाली तेव्हा आईचा व्हिसा नाकारला गेला होता. परत जाईल याची खात्री पटत नाही, असं कागदावर होतं. अठ्ठावीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स असलेली, हजारभर बाळंतपणं केलेली बाई स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणाला पोचू शकली नाही. इथं बाळंतिणीच्या घरी आठ दिवस एक प्रशिक्षित बाई येते. ती आली, चांगली होती, बाळाला कसं धरायचं ते नीट शिकवलं, चहाबरोबर रंगीत बडीशेप लावलेले टोस्ट दिले. नवव्या दिवशी ती गेली आणि मंजूषा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिली. संहिता आता सोळा वर्षांची आहे. आजीचं मराठी तिला कळतं. उत्तर मात्र डचमध्ये देते आणि मंजूषा मध्ये भाषांतर करते.

गेल्या वर्षी गणपतीच्या मंडपात अभिजितनं माइक घेतला. हा युट्रेख्टचा, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, माणूस सरळ पण बोलणं सगळं स्लाइडवरचं. म्हणाला, आईवडिलांना जास्त काळ राहता यावं म्हणून आपण संसदेला अर्ज देऊ या. टाळ्या पडल्या. सह्यांचे कागद फिरले आणि पहिल्याच संध्याकाळी घोळ झाला. मराठी माणूस सही एकट्यासाठी करतो थोडाच? गृहस्थांनी नावापुढे "सहकुटुंब सहपरिवार" लिहून खाली एकच सही ठोकली. कुणी बाजूच्या फ्लॅटमधल्या कुलकर्ण्यांचीही करून टाकली, "ते नाही म्हणणार नाहीत," म्हणून.

"अरे, ही काय आहेराची यादी आहे का?" मंजूषा मंडपातच कडाडली. "एक माणूस, एक सही, एक पत्ता! उद्या त्यांनी तपासलं तर कुलकर्णी काय सांगणार, मी झोपलो होतो?"

सगळ्या सह्या पुन्हा घेतल्या. तिनं घेतल्या. दारोदार, सायकलवर, दोन महिने.

अभिजितनं मसुदा पाठवला तेव्हा ती जेवणाच्या सुट्टीत होती. तिनं तिथूनच फोन लावला.

"अभिजित, वाचलं मी. सात पानं."

"कसं वाटलं, ताई? आकडे आहेत सगळे. आपण किती कर भरतो, किती कौशल्य आणतो."

"आकडे झकास आहेत. आई कुठाय?"

"म्हणजे?"

"आई, रे. सात पानांत आई हा शब्द एकदाही नाही. पेरेंटल स्टे एक्स्टेन्शन. हे काय, हॉटेलचं बुकिंग आहे?"

तो समजूतदारपणे म्हणाला, "मग तुम्ही लिहा एक उदाहरण. तुमच्या आईंचं. शेवटी जोडू."

तिनं एका बैठकीत लिहिलं. वडिलांचा हात जणू तिच्या बोटांत शिरला. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. विधवा, निराधार. शरीर साथ देत नाही. देखभालीला कोणी नाही. रात्री उठून पाणी द्यायला माणूस नाही. वाचून अभिजितचे डोळे भरले, त्यानं तसं कळवलंसुद्धा. फक्त आईची सही हवी होती, तिचं नाव छापायचं तर तिची परवानगी लागणार.

मंजूषानं शनिवारी दुपारी फोन केला आणि मराठी करून वाचून दाखवलं.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं. फोटो पाठवते, तू सही कर, शेजारच्या शिवांगीला सांग स्कॅन करायला."

"निराधार कोण गं?"

"अगं, तसं लिहायचं असतं."

"मी निराधार? सकाळी पाचला उठून दोन बायकांचं ड्रेसिंग करून येते मी गल्लीत. मला पाणी द्यायला माणूस नाही? मी गल्लीभर पाणी देत फिरते!"

"आई, अर्ज आहे तो. बाबा काय लिहायचे आठव की."

"तुझे बाबा दुसऱ्यांच्या आयांबद्दल लिहायचे. माझ्याबद्दल लिहिलं असतं तर मशीन विहिरीत टाकलं असतं मी." तिचा आवाज चढला. "आणि ऐक. लेकीच्या दारात आश्रित म्हणून पडायला मी येणार नाही. ना नव्वद दिवस, ना नऊ. तुला कुणी सांगितलं मला यायचंय म्हणून? विचारलंस?"

फोन ठेवला तिनं. मंजूषाच्या अंगातलं हे रक्त कुठून आलं, ते वेगळं सांगायला नको.

दहा दिवस दोघी बोलल्या नाहीत. मंजूषाच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न घुमत राहिला: विचारलंस? सगळ्यांच्या वतीनं खिडक्यांवर भांडणाऱ्या बाईनं आईला विचारलंच नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, आई येणारच नसेल तर या दोन महिन्यांच्या सायकलीला काय अर्थ? सह्या चार हजार जमल्या. ज्या एकीसाठी जमवल्या, तिचीच नाही.

अकराव्या दिवशी गादीवर एक लहान कागद आला. गेल्डरलंडमधल्या एका खेड्यातून, साल अठराशे सदतीस. त्या काळी सरकारमान्य चर्चपासून फुटलेल्या लोकांना परवानगीवाचून एकत्र प्रार्थना करायला बंदी होती. वीसपेक्षा जास्त माणसं जमली की दंड. हेन्द्रिका नावाच्या एका विधवेच्या कोठारात लोक जमले. मोजणी झाली. एकवीस निघाले. दंड भरता आला नाही म्हणून गाय लिलावात काढली. अर्ज दुसऱ्या कुणी लिहून दिलेला, खाली हेन्द्रिकाची फुली आणि शेजारी, "हे तिचे चिन्ह."

मंजूषा वाचत गेली. सुरुवातीचे मुजरे, महोदय, थोर महोदय. मग अचानक साधं बोलणं. लिहिणाऱ्यानं बहुधा हात टेकले असावेत आणि बाईनं सांगितलं तसंच उतरवलं असावं. एकविसावा माझा भाऊ होता. तो पावसातून दोन तास चालत आला. त्याला दाराबाहेर ठेवणं मला जमलं नाही. पुढच्या रविवारी तो आला तर मला पुन्हा जमणार नाही. म्हणून कायदा बदलावा, ही विनंती.

गरीब आहे, असं कुठंही नव्हतं. गाय परत द्या, असंही नाही. मी अमुक उपयोगाची, मी तमुक भरते, काही नाही. मला भाऊ आत हवा. संपलं.

समासात तेच: कार्यालयात ठेवले.

मंजूषानं बटण दाबलं नाही. मारैके मागून येऊन उभी राहिली. तिनं मंजूषाचा चेहरा पाहिला, मग कागद पाहिला आणि म्हणाली, "पाच मिनिटं घे. मी खिडकी उघडते." मारैकेच्या हिशेबानं ही फार मोठी मेहेरबानी.

त्या दिवशी मंजूषानं ट्रामच्या थांब्यावर उभ्या उभ्या नवा मजकूर मोबाइलवर लिहिला. आठ ओळी. मग मिरजेला फोन लावला. आईनं उचलला, पण "बोल" एवढंच म्हणाली.

"वाचते. मधे बोलू नकोस."

"वाच."

"माझं नाव मंजूषा. वय एक्कावन्न. मी बावीस वर्षं इथं आहे. माझी आई मिरजेत राहते, ती ठणठणीत आहे आणि तिला माझी गरज नाही. मला तिची आहे. मुलगी झाली तेव्हाही होती, पण तिला येऊ दिलं नाही. आता माझी पाळी जातेय, झोप उडालीय, मी विनाकारण रडते, मुलीवर ओरडते. या वयात तुला काय झालं होतं, हे मला फोनवर विचारता येत नाही. ते शेजारी बसल्यावर निघतं. तिला माझ्या घरी राहू द्या, ती म्हणेल तितके दिवस. ही विनंती."

ट्राम आली, दारं उघडली, मिटली, गेली. मंजूषा चढली नाही.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" आई म्हणाली.

"कसं सांगणार? तू म्हणाली असतीस, त्यात काय एवढं, आम्हीही बायकाच होतो."

"म्हणालेच असते." आणि मग, "झोप किती दिवस नाही?"

"वर्ष झालं."

"मूर्ख आहेस. फोटो पाठव. सही करते."

"येशील?"

"गरज असेल तिथं जातेच की मी. जन्मभर तेच केलं. पण निराधार म्हणून नाही. ते खोडलंस ना?"

"खोडलं."

मंगळवारी अर्ज घेतात. संसदेच्या इमारतीत, समितीचे चार-पाच सभासद बाहेर येतात, दोन मिनिटं ऐकतात, फोटो होतो, पुढचा गट. त्यांच्या आधी मधमाश्यांवाले होते, नंतर कुठल्याशा रेल्वे थांब्यावाले. अभिजित कोट घालून, हातात सह्यांचं खोकं. संहिता शाळेतून परवानगी काढून आलेली. अभिजितनं आपलं एक मिनिट आकड्यांत घालवलं, बरं बोलला. मग मंजूषा पुढं झाली आणि कागद न उघडता त्या आठ ओळी डचमध्ये बोलली. पाळीचं बोलताना अभिजितनं छताकडे पाहिलं. संहितानं मात्र आईकडे पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

एका सभासद बाईंनी विचारलं, "पण तुमची आई आजारी नाही म्हणता?"

"नाही. म्हणून तर आता हवी. आजारी पडल्यावर येऊ द्याल, तेव्हा काय, मी तिची सेवा करीन. मला तिची लेक व्हायचंय थोडे दिवस, नर्स नाही."

बाईंनी मान हलवली. खोकं घेतलं. वाचू म्हणाल्या. फोटो झाला.

बाहेर पडल्यावर संहितानं विचारलं, डचमध्येच, "माझ्यावर ओरडतेस ते यामुळे?"

"निम्मं यामुळे. निम्मं तू ऐकत नाहीस म्हणून."

पोरगी हसली आणि आईची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

सरकारी काम सहा महिने थांब म्हणतात. इथं अडीच महिन्यांत उत्तर आलं. इतकाच फरक. समितीनं अर्जाची नोंद घेतली. मंत्र्यांकडे विचारणा केली. मंत्र्यांना सध्याच्या नियमांत बदल करण्याचं कारण दिसत नाही. आपण मांडलेल्या भावनांचा आदर आहे. अभिजितनं गटावर लिहिलं, लढा चालू ठेवू, पुढची मीटिंग रविवारी. शंभर अंगठे पडले. मंजूषानंही एक टाकला. ती जाणार होतीच रविवारी. भांडण सोडणाऱ्यांतली ती नव्हे. पण त्या दिवशी, पत्र टेबलावर पसरून, तिला भांडावंसं वाटेना. नुसतं कुणीतरी केसांतून हात फिरवावा असं वाटत होतं, आणि तो हात सात हजार किलोमीटरवर भाजी निवडत होता.

तिनं फोन लावला आणि उत्तर वाचून दाखवलं.

"बदलत नाहीत म्हणजे नव्वद दिवसच," आई म्हणाली.

"नव्वदच."

"मग नव्वद दिवसांचं तिकीट काढ."

"काढते. एप्रिलचं बघू? फुलं असतात, ऊन असतं." आई आजवर दोनदा आली ती एप्रिलातच. इथं सगळेच आपल्या आईवडिलांना एप्रिलात आणतात. फुलांच्या बागेत खुर्चीवर बसवून फोटो काढतात, मग जूनच्या शेवटी विमानतळावर रडतात.

"फुलं काय करायचीत? मागच्या वेळी बघून झाली. तुझ्याकडे चारलाच अंधार पडतो म्हणतेस ना, तो कधी?"

"नोव्हेंबर ते जानेवारी. पण आई, भयंकर थंडी. पाऊस. तू बाहेरसुद्धा पडू शकणार नाहीस."

"मला बाहेर कुठं जायचंय? अंधाराचं तिकीट काढ. उजेडात तुझं तू बघतेस."

मंजूषानं टेबलावरचं पत्र घडी घालून पाकिटात सारलं.

"ऐकतेयस ना गं?"

"हो."

"आणि स्वेटर जाड असेल तो धुऊन ठेव. तुझाच घालीन मी, नवा आणू नकोस."

फोन झाल्यावर तिनं स्वयंपाकघराच्या दारामागचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं, त्याच्या शेजारी पुढच्या वर्षाचं, दुकानातून फुकट मिळालेलं. बारा नोव्हेंबरपासून बोट ठेवत मोजायला लागली. येण्याचा दिवस धरतात, जाण्याचाही धरतात, हे तिला पाठ होतं. डिसेंबर आख्खा. जानेवारी आख्खा. बोट नऊ फेब्रुवारीवर थांबलं. तेव्हा दिवस नुकता मोठा व्हायला लागलेला असतो.

कुठं चुकलं असेल म्हणून तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. नऊ फेब्रुवारीच आली.